कालीचा पुजारी आणि साळचे गडे

'द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे' हा १९५९ सालचा इंग्रजी भयपट आज फारसा कुणाला आठवत नाही. हॅमर कंपनीचा, कृष्णधवल, जेमतेम ऐंशी मिनिटांचा. दिग्दर्शक टेरेन्स फिशर. आदल्याच वर्षी त्यांचा 'ड्रॅक्युला' गाजला होता. नाव मुंबईचं, पण हिंदुस्थान उभा केला तो थेम्सकाठच्या ब्रे स्टुडिओत!

विषय ठगांचा. वाटेत गडप होणारे तांडे, त्यांचा माग काढणारा कंपनी सरकारचा कॅप्टन लुइस, आणि रात्री कालीपुढे डाग घेणारे नवे चेले. फितुरांची तर जीभच छाटतात. एकदा कॅप्टनलाच जमिनीवर खुंट्यांना बांधून घालतात. नाग अंगाशी येतो आणि ऐन वेळी मुंगूस कॅप्टनला वाचवतं. अभिनयात मुंगूसच उजवं ठरतं, असं माझं मत. पुजारी झालेत सायप्रसचे जॉर्ज पास्टेल. त्याच वर्षी फिशर यांच्याच 'द ममी'त ते इजिप्तच्या देवाचे कडवे भक्त होते. देव बदलला, भक्त तोच.

या पटातली भीती सगळी लपवाछपवीची. रात्र, उघडी अंगं, भान हरपलेला जमाव, म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच!

आता आपल्या गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं साळ घ्या. होळीच्या पुनवेपासून तीन रात्री तिथे गडे पडतात; गडे म्हणजे अंगात दैवी संचार, म्हणजेच अवसर, येणारे गावकरी. कमरेला धोतर, वर उघडं अंग. अवसर आला की काळोखात रानाकडे धाव. काही गड्यांना देवचार, म्हणजे गावाचा अदृश्य राखणदार, लपवून ठेवतो, अशी श्रद्धा. मग बाकीचे त्यांना शोधून उचलून आणतात. फिशरसाहेबांना हवं ते सगळं इथे आहे. नाही ते फक्त गुपित. पोराबाळांसकट अख्खा गाव बघायला बसलेला असतो, पाहुणेही येतात.

पेडण्यात तर आणखी मजा. कोजागिरीला, पेडण्याच्या पुनवेला, भूतनाथ देवाचा अवसर रागावून रानाकडे निघतो. त्याला देऊळ हवं असतं, तेही एका रात्रीत. लोक त्याला अडवतात. आज बांधतो, उद्या बांधतो, म्हणत समजूत काढतात आणि परत आणतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पास्टेलसाहेबांच्या कालीपुढे असा वायदा केला असता, तर जीभ शाबूत राहिली नसती!