कार्टून चित्रपट आणि वर्गातील मुले

(संग्रामपूर तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



शाळेत दूरचित्रवाणी संच आला, की शनिवारी मुलांना एखादा चित्रपट दाखवावा अशी इच्छा शिक्षकांच्या मनात उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. चित्रपट कार्टूनचा असला म्हणजे तर फारशी चिकित्साही होत नाही. जे चित्रे काढून केलेले, ते बालकांसाठीच, असा समज रूढ झालेला आहे. सुपरहीरोच्या, म्हणजे अद्भुत सामर्थ्याच्या नायकाच्या चित्रपटांबाबत हा समज विशेष तपासून घेतला पाहिजे.

उडणारा वीर खेड्यातील मुलास नवा नाही. वाण नदीकाठी वारीच्या हनुमंताचे दर्शन घेऊन आलेल्या बालकाला, पर्वत उचलणे हे माणसाचे काम नव्हे, हे निराळे शिकवावे लागत नाही. व्ही. जी. सामंत यांचा 'हनुमान' हा चित्रपट २००५ साली आला, तेव्हा ती कथा मुलांनी आजीच्या तोंडून आधीच ऐकलेली होती. अनोळखी नायकाची गोष्ट वेगळी. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाल्यानंतर त्याच्या अनुकरणात मुलांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या आणि खुद्द त्या नायकालाच मुलांची समजूत घालावी लागली. परंतु अनुकरणाचा धोका शिक्षकाच्या चटकन ध्यानात येतो. दुसरा धोका तितका उघड नसतो.

'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा अमेरिकन चित्रपट जून २०२३ मध्ये भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला, त्यांत मराठीही होती. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून कल्पिलेले एक शहर आहे आणि पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय नायक आहे. भाषा आपली, नाव आपले. तेव्हा चित्रपटही आपल्या मुलांचाच, असे वाटावयास वेळ लागत नाही. कथानक मात्र जड आहे. मुख्य नायक माइल्स हा पोलीस अधिकाऱ्याचा १५ वर्षांचा मुलगा. अशा प्रत्येक नायकाच्या नशिबी जिवलगाचा मृत्यू लिहिलेलाच असतो, तुझे वडीलही जाणार, आणि तू ते टाळलेस तर अवघे जग नष्ट होईल, असे त्याला सांगण्यात येते. तो हे मानीत नाही व वडिलांना वाचविण्यासाठी धावतो. चित्रपट २ तास २० मिनिटांचा आहे आणि वडील वाचले की नाही, हे न सांगताच तो थांबतो.

सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना यावर तासभर बोलते करता येईल. अनेकांसाठी एकाचा बळी द्यावा काय, हा प्रश्न त्यांच्या वयाला पेलणारा आहे. परंतु ज्याच्या घरातील कर्ता पुरुष नुकताच गेला, अशा मुलाचे काय? बुलढाणा जिल्ह्यात अशी शेतकरी कुटुंबे थोडी नाहीत. माझ्या वडिलांचे मरणही ठरलेलेच होते काय, की मी धावलो असतो तर ते वाचले असते, असा प्रश्न त्या मुलाच्या मनात उभा राहील. आणि तो तो कोणास विचारणार नाही.

चित्रपटाच्या प्रमाणपत्राने याचे उत्तर मिळत नाही. २०२३ च्या दुरुस्तीने पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावयाच्या चित्रपटांस ७, १३ व १६ वर्षे अशा पायऱ्या लावण्यात आल्या, हे चांगले झाले. पण तो पालकांस दिलेला सल्ला आहे, आणि शाळेत पालकाच्या जागी शिक्षक असतो. प्रमाणपत्र देणारास तिसऱ्या बाकावरचे मूल ठाऊक नसते, शिक्षकास असते.

म्हणून शिक्षकाने चित्रपट प्रथम स्वतः, एकट्याने, अखेरपर्यंत पाहावा. जाहिरातीचे तुकडे पाहून निर्णय करू नये. या चित्रपटात रंग व प्रकाश फार वेगाने पालटतात. फिट्स येणारे मूल वर्गात असल्यास डॉक्टरांस विचारल्याशिवाय तो दाखवू नये. पहिली ते चौथी एकाच खोलीत बसत असेल, तर सर्वांत लहान मुलावरून निवड करावी. म्हणजे तेथे हा चित्रपट बादच होतो. वरच्या वर्गांत तो दोन बैठकींत दाखवावा, आणि गोष्ट अपुरी राहणार आहे हे आरंभीच सांगावे.

वर्गात वडील गमावलेले मूल असेल, तर त्याच्या आईस चिठ्ठी न पाठविता आदल्या दिवशी प्रत्यक्ष भेटावे. तिने नको म्हटले, तर त्या मुलास एकट्यास बाहेर बसवू नये. त्या शनिवारी दुसरा चित्रपट लावावा, आणि बदलाचे कारण वर्गास सांगू नये.