टिळक शोधले, तर लोकमान्य आले

शिवाजी पेठेतल्या आमच्या गटात हप्ते गोळा झाले की अर्धा तास वाचन असतं. गेल्या बैठकीत एका मावशींनी विचारलं, "विधवांच्या हालांवरची ती जुनी ख्रिस्ती कादंबरी मोबाईलवर मिळंल का गं?" मावशी स्वतः पंचविशीत विधवा झालेल्या. मी 'ख्रिस्ती पुस्तक' एवढंच टाकलं. नुसती प्रार्थनेची पुस्तकं आली. "नाही मिळत," म्हणून मोकळी झाले. त्यांचा चेहरा उतरला.

चूक माझीच. धर्माच्या नावानं नाही, पुस्तकाच्या आणि लेखकाच्या नावानं शोधायचं. ते पुस्तक म्हणजे बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन', १८५७ सालचं. 'इंटरनेट अर्काइव्ह' या फुकट ग्रंथालयात आधी देवनागरीत टाका. नाही आलं तर इंग्रजी अक्षरांत, कारण जुन्या पुस्तकांची नोंद पुष्कळदा तशीच असते. 'यमुना' आणि 'पर्यटन' जोडून बघा, तोडून बघा. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' हवं असेल, तर नुसतं टिळक टाकू नका, सगळे लोकमान्यच येतात! 'लक्ष्मी' कुणी के-एस-एच घालून लिहितं, कुणी एक्स घालून, दोन्ही बघा. भाषा मराठी निवडली की गर्दी कमी होते. आतलं एखादं वाक्य टाकून मात्र शोधत बसू नका. जुनी पानं म्हणजे फोटो. यंत्राला ती अक्षरं धड लागत नाहीत.

पुस्तक सापडलं. मावशींना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचते. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघालीय. पुढचं शुक्रवारी.