दहा राग, एक ठेका

टेक्नो ही इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर रचलेल्या नृत्यसंगीताची शैली 1980 च्या दशकात अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात आकाराला आली, आणि या शैलीत वाजवणाऱ्या डीजेचा पहिला मिक्स अल्बम, म्हणजे लय तुटू न देता एका रचनेतून दुसरीत नेणारी सलग मांडणी, ही त्याच्या पारखेची कसोटी मानली जाते. महाराष्ट्रात या यंत्रसंगीताचा पूर्वज शोधायचा झाल्यास मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांच्या 1982 च्या ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या तबकडीकडे वळावे लागते.

तीत भैरव, ललित, यमन, मालकंस यांसारखे दहा राग तीन यंत्रांवर उतरवलेले आहेत. रोलंड कंपनीचे टीआर-808 ठेका धरते, ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर स्वरविस्तार करतो आणि टीबी-303 खर्जातील स्वरांची ठरावीक साखळी पुनःपुन्हा वाजवते. या शेवटच्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय असल्याने मींडेचा, म्हणजे दोन स्वरांना अखंड जोडणाऱ्या ओघाचा, आभास त्यातून निर्माण होतो, आणि हीच या प्रयोगाची खरी सूक्ष्मता आहे. विलंबित आलापीला येथे जागा नाही, पहाटेचा ललित आणि रात्रीचा मालकंस एकाच द्रुत डिस्को ठेक्यावर चालतात, ही उणीव मान्य करावी लागते. तरीही रागाची ओळख पुसली जात नाही, हे यश मोठे आहे.

तबकडी त्या वेळी फारशी खपली नाही. पुढे 1987 मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटाने त्याच टीबी-303 वरून ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढले, तेव्हा त्या नादाला अ‍ॅसिड हाउस हे नाव मिळाले. मुंबईतील काम त्याआधीचे होते, हे जगाच्या ध्यानात आले ते 2010 च्या पुनर्प्रकाशनानंतर; त्यामुळे सिंग यांना उतारवयात परदेशी रंगमंचांवर हेच राग वाजवता आले. 2015 मध्ये त्यांचे निधन झाले.

बदलापूरजवळच्या चामटोलीसारख्या गावांत हळदीला आणि जत्रेला डीजे लावणाऱ्या तरुणांनी ही तबकडी अवश्य ऐकावी, आणि पहिला अल्बम करताना आपल्या परिसरातील आगरी गीतांचे ठेके व चाली हीच त्याची सामग्री मानावी.