एकटा पांथस्थ आणि मोकळे रान

म्हैसूरहून दक्षिणेकडे निघालेल्या वाटसरूला नंजनगूडच्या उंबरठ्याशी कपिला नदी आडवी येते. या नदीवर एक जुना दगडी पूल आहे. म्हैसूरचा दळवाई देवराज याने तो १७३५ च्या सुमारास बांधला असे सांगतात. पुढे मीटरगेजच्या काळात त्याच पुलावरून आगगाडीही जाई आणि बैलगाड्याही जात. नदीपलीकडे श्रीकंठेश्वराचे सातमजली गोपूर दिसते. कानडीत ‘नंजु’ म्हणजे विष; ते प्राशन करणारा तो नंजुंड, आणि त्याचे ठाणे ते नंजनगूड. हलाहल पचविणारा हा देव रोग्यांचाही वैद्य मानला जातो. टिपू सुलतानाचा लाडका हत्ती येथल्या आराधनेने बरा झाला आणि तेव्हापासून सुलतान या देवाला ‘हकीम नंजुंड’ म्हणू लागला, ही कथा तेथे आजही मोठ्या अभिमानाने सांगितली जाते.

बहुतेकांचा प्रवास या गोपुरापाशी संपतो. पण रस्ता मात्र तेथे संपत नाही. तो गुंडलुपेटवरून बंडीपूरच्या अरण्यात शिरतो आणि पुढे निलगिरीच्या पायथ्याला जाऊन भिडतो. एकोणिसाव्या शतकात म्हैसूरकडून उटकमंडला जाणारे इंग्रज अधिकारी याच वाटेने जात. खालच्या उष्म्याने त्रासलेली ही माणसे सिगूरचा घाट चढून वर आली, की त्यांच्यापुढे गवताची लाटांसारखी उतरत-चढत गेलेली पठारे पसरलेली असत. थंड वारा, धुके आणि पायाखाली ओलसर काळी माती. त्यांना स्वदेशाचा भास झाला. त्या गवताळ टेकड्यांना त्यांनी आपल्याकडचीच नावे दिली आणि घरची आठवण म्हणून पिवळ्या फुलांचे काटेरी ‘गॉर्स’ झुडूपही आणून लावले. ते झुडूप आज तेथे उपद्रवी तण होऊन बसले आहे.

ज्या रानाची त्यांना आठवण झाली, त्याला इंग्रजीत ‘मूर’ म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द नाही. कोकणातला जांभ्या दगडाचा सडा डोळ्यांपुढे आणावा, त्यावर श्रावणातले धुके बारा महिने ठेवावे आणि दगडाच्या जागी कुजलेल्या शेवाळाचा, पाण्याने फुगलेला काळा थर कल्पावा, म्हणजे मूरची थोडीशी कल्पना येईल. या थराला पीट म्हणतात. तो वाढतो अगदी सावकाश. हातभर थर साचायला शतके लागतात. झाड असे जवळजवळ नाहीच. हेदरची गुडघ्याएवढी झुडपे, खरखरीत गवत आणि दूरवर मेंढ्या. उंचीही काही फार नाही. डर्बीशरमधले किंडर स्काउट हे प्रसिद्ध पठार ६३६ मीटर उंच आहे. म्हणजे आपले नंजनगूड गाव समुद्रसपाटीपासून जवळजवळ तेवढ्याच उंचीवर वसलेले आहे. नंजनगूडला केळी पिकतात, आणि तेथली रसबाळी केळी तर नामांकित आहेत. किंडरवर मात्र जून महिन्यातही माणूस थंडीने गारठून मरू शकतो. हा फरक उंचीचा नव्हे, अक्षांशाचा आणि वाऱ्याचा आहे.

अशा रानातून एकट्याने, पाठीवर बिऱ्हाड घेऊन, दिवसामागून दिवस चालत जाण्याचा छंद इंग्लंडात पुष्कळांना आहे. त्यांतला सर्वांत मानाचा मार्ग म्हणजे ‘पेनाइन वे’. डर्बीशरमधील ईडेल या खेड्यापासून निघून, इंग्लंडच्या कण्यावरून उत्तरेला चढत चढत, स्कॉटलंडच्या सीमेपलीकडील कर्क येटहोम या गावी तो संपतो. लांबी २६८ मैल, म्हणजे सुमारे ४३० किलोमीटर. साधारण चालणाऱ्याला अडीच-तीन आठवडे लागतात. वाटेत क्रॉस फेल हे ८९३ मीटरचे शिखर लागते; तेथे ‘हेल्म’ नावाचा वारा वाहतो, आणि इंग्लंडात स्वतःचे नाव असलेला वारा तेवढा हा एकच, असे म्हणतात. टॅन हिलवर, ओसाड माळाच्या मधोमध, १,७३२ फुटांवर एक पांथशाळा आहे. तेथपर्यंत पोचलेल्या भिजलेल्या माणसाला तिच्या चुलीतला विस्तव पंढरीच्या कळसासारखा वाटत असेल, तर त्यात नवल नाही.

एकट्याने चालणे म्हणजे बेफिकिरीने चालणे, असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. वस्तुतः एकट्या माणसाला दहाजणांच्या चिंता स्वतःच वाहाव्या लागतात. धुक्यात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. तेव्हा नकाशा आणि होकायंत्र यांवर डोळ्यांपेक्षा अधिक विश्वास ठेवावा लागतो. हे सांगायला सोपे, पण आचरायला फार कठीण आहे, कारण वाट चुकलेल्या माणसाला होकायंत्रच बिघडले आहे असे ठामपणे वाटू लागते. वेळेचा हिशेब हवा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधे गणित घालून दिले. दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. आज सव्वाशे वर्षांनंतरही लोक तेच वापरतात. निघण्यापूर्वी कुठून जाणार आणि केव्हा पोचणार, हे कोणाला तरी सांगून जायचे. संकटात मिनिटाला सहा शिट्ट्या फुंकायच्या, मग एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा फुंकायच्या. मूरवर माणूस दगावतो तो बहुधा कड्यावरून पडून नव्हे. ओले कपडे, वारा आणि थकवा हे तिघे एकत्र आले की बर्फ नसतानाही शरीराची ऊब निघून जाते. आधी बोटे ऐकत नाहीत, मग बुद्धी ऐकत नाही. बरोबर दुसरा कोणी असला तर तो हे ओळखतो. एकट्याने ते स्वतःच्याच बिघडत चाललेल्या बुद्धीने ओळखायचे असते, आणि त्याच्या वाटेतला खरा धोका तो हाच.

या रानात चालण्याचा हक्क मात्र फुकट मिळालेला नाही. मूर हे निसर्गतः असे उघडे पडलेले नव्हे. प्राचीन काळी माणसाने जंगल तोडले, मग मेंढ्यांनी ते पुन्हा उगवू दिले नाही. आणि अलीकडच्या शतकांत जमीनदारांनी ‘ग्राउज’ या पक्ष्याच्या शिकारीसाठी हेदर जाळून जाळून ते रान तसेच राखले. वर्षातले थोडे दिवस बंदुका चालाव्यात म्हणून बाकी सारे वर्ष रखवालदार काठ्या घेऊन पहारा करीत. खाली मँचेस्टर आणि शेफील्ड येथल्या गिरण्यांत व कारखान्यांत आठवडाभर धूर खाणाऱ्या मजुरांना रविवारी हे डोंगर नुसते दिसत. तेथे पाऊल टाकण्यास मनाई होती. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने शेकडो तरुण कामकरी किंडर स्काउटवर उघडउघड चढून गेले. पाचजणांना तुरुंगवास झाला. दोनच वर्षांपूर्वी, १९३० च्या मार्चमध्ये, साबरमतीहून एक वृद्ध गृहस्थ दांडीच्या समुद्राकडे चालत निघाले होते. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचे प्रयोजन नाही. परंतु नुसते चालणे हेही कायद्याला विचारलेला प्रश्न होऊ शकते, हे दोन्ही देशांना त्या काळात कळून आले.

पुढची हकीगत इंग्रजी सावकाशपणाने घडली. १९३५ साली टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने ‘डेली हेरल्ड’मध्ये लेख लिहून पेनाइनच्या माथ्यावरून एक लांब हिरवी वाट मागितली. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. वाट प्रत्यक्ष खुली झाली ती २४ एप्रिल १९६५ रोजी, म्हणजे मागणीनंतर तीस वर्षांनी. मोकळ्या माळावर कोठेही पायी फिरण्याचा हक्क तर २००० सालच्या कायद्याने मिळाला. २००२ साली, किंडरच्या प्रसंगाला सत्तर वर्षे झाली तेव्हा, ज्या ड्यूकच्या घराण्याची ती जमीन होती त्याने जाहीरपणे क्षमा मागितली. आणि डार्टमूरवर तंबू ठोकून एक रात्र काढण्याचा हक्क आहे की नाही, हा वाद २०२५ च्या मे महिन्यात थेट तेथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि पांथस्थांच्या बाजूने निकाली निघाला. दरम्यान एक गंमत झाली. हजारो पावलांनी पीटच्या मऊ थराचा चिखल केला, वाट रुंदावत चालली. तेव्हा मोडीत निघालेल्या लँकेशरच्या कापडगिरण्यांच्या जमिनीतील फरश्या उचलून हेलिकॉप्टरने माळावर नेल्या आणि वाटेत बसविल्या. ज्या फरशीवर आजोबा मागाशी उभे राहिले, तिच्यावरून नातू आता धुक्यात चालत जातो.

आपल्याकडे एकट्या पांथस्थाला वाट अडविण्याची कल्पना जुन्या काळी कोणाला सुचलीच नसती. चातुर्मास सोडला तर संन्याशाने एका जागी फार काळ राहू नये, असा यतिधर्मच आहे. सावंतवाडीजवळच्या माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, हे असे चालले. दंड आणि कमंडलू एवढे सामान. ऋषिकेश, द्वारका, तंजावर अशा एकमेकींपासून शेकडो कोस दूर असलेल्या स्थळी त्यांचे चातुर्मास झाले, आणि १९१४ साली नर्मदातीरी गरुडेश्वरी त्यांचा देह विसावला. त्याच नर्मदेची परिक्रमा गो. नी. दांडेकरांनी केली, आणि ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ हे त्यांचे पुस्तक महाराष्ट्राच्या घरोघरी पोचले. नदी उजव्या हाताला ठेवायची, तिला ओलांडायचे नाही, आणि पोट भिक्षेवर सोपवायचे. वाटेत शूलपाणीचे अरण्य, तेथे अंगावरचे वस्त्रही लुटले जाण्याची ख्याती. सरदार सरोवराच्या पाण्याने त्या अरण्यातली जुनी वाट आणि शूलपाणेश्वराचे जुने देऊळ गिळल्यावर परिक्रमावासींना वळसा घालून जावे लागते.

येथे एक भेद ध्यानात येतो. इंग्रज पांथस्थ आपले अन्न, आपले घर, आपली दिशा सारे पाठीवर घेऊन निघतो. कोणाच्या दारात उभे राहावे लागू नये, ही त्याची प्रतिष्ठा. आपला परिक्रमावासी मुद्दाम काहीच घेत नाही. रोज संध्याकाळी अनोळखी दारात उभे राहणे हीच त्याची साधना. एकाला माणसांपासून दूर जायचे असते, तर दुसऱ्याला आपल्या अहंकारापासून. एकाकीपण दोघांचेही खरे आहे. मात्र दुसऱ्याच्या मार्गाला गावे लागतात आणि त्या गावांत भाकरी लागते. ती देणारी बहुधा घरची गृहिणी असते. भ्रमणगाथा पुष्कळ लिहिल्या गेल्या, पण त्या गृहिणीची गाथा अद्याप कोणी लिहिलेली नाही. आणि अशी एकटी स्त्री वाटेला लागली तर तिला तेच दार तितक्याच सहज उघडते का, हा प्रश्न या परंपरेने स्वतःला क्वचितच विचारला.

आता पुन्हा निलगिरीच्या गवताकडे वळायला हवे. इंग्रजांना ती पठारे स्वदेशासारखी वाटली खरी. पण झाडे नाहीत म्हणजे जमीन पडीक, असाही समज त्यांनी करून घेतला. मग नीलगिरीची म्हणजे युकॅलिप्टसची आणि वॅटलची लागवड सुरू झाली, आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारांनीही तीच री ओढली. वस्तुतः ती गवताळ पठारे आणि खळग्यांतली शोला वने ही फार प्राचीन जोडी आहे. तेथल्या दलदलीतल्या पीटच्या थरांत हजारो वर्षांच्या हवामानाची नोंद शास्त्रज्ञांना वाचता आली आहे. ते गवत पावसाचे पाणी धरून ठेवते आणि सावकाश खाली सोडते. तोडा लोकांच्या म्हशी तेथे पिढ्यान्‌पिढ्या चरत होत्या. ज्याला परका पांथस्थ ओसाड म्हणतो, ते बहुधा कोणाचे तरी अंगण असते. इंग्लंडचा मूर जंगल तोडून झाला. निलगिरीचा माळ मात्र झाडे लावून मोडला.

नंजनगूडहून निघालेल्या एखाद्या उत्साही तरुणाने आज पाठीला झोळी बांधून या वाटेने पायी जायचे ठरविले, तर काय होईल? गुंडलुपेटपर्यंतचे सुमारे ३५ किलोमीटर तो सुखाने चालेल. दुतर्फा नारळ, केळी, भाजीपाल्याची शेते. गुंडलुपेटच्या पुढे मात्र बंडीपूरचे व्याघ्रक्षेत्र सुरू होते, आणि तेथे पायी शिरण्यास मनाई आहे. १९३१ साली म्हैसूरच्या महाराजांनी राखलेल्या लहानशा अरण्यातून वाढत गेलेले हे रान १९७३ साली व्याघ्रप्रकल्पात आले. २००९ पासून रात्री नऊ ते पहाटे सहा या वेळात सामान्य वाहनांनाही रस्ता बंद असतो, कारण त्या वेळी हत्ती, हरणे, बिबटे रस्ता ओलांडतात आणि गाड्यांखाली मरत होते.

मँचेस्टरच्या मजुराला अडविणारा रखवालदार आणि बंडीपूरचा वनरक्षक हे दोघे वरवर सारखेच दिसतात. पण एकाने रान राखले ते थोड्यांच्या शिकारीसाठी, दुसऱ्याने राखले ते शिकार थांबावी म्हणून. हत्तीच्या वाटेत एकटे पाऊल न टाकणे हा अन्याय म्हणता येणार नाही. अन्याय झाला असेल तर तो सहलीच्या पांथस्थावर नव्हे. या अरण्यातून ज्यांना उठविले गेले, त्या जेनु कुरुबांसारख्या वनवासींना ही वाट हौसेसाठी नको होती. मध गोळा करायला, कंद खणायला, पूर्वजांच्या स्थानी दिवा लावायला ते चालत. शेजारच्या बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिगांच्या पुष्कळ वस्त्यांना २०११ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मान्य झाले, आणि तेही व्याघ्रक्षेत्रात. किंडरच्या लढ्याचे आपल्याकडचे भावंड शोधायचे तर गिर्यारोहकांच्या मंडळांत नव्हे, या वस्त्यांत शोधावे लागेल.

राहिला तो झोळीवाला तरुण. त्याला गुंडलुपेटहून वीसेक किलोमीटरवर हिमवद् गोपालस्वामी बेट्ट आहे. उंची १,४५४ मीटर. माथ्यावर झाडे विरळ, उघडे गवत आणि वर्षातले पुष्कळ दिवस धुके. नावातच हिम आहे. नंजनगूडच्या आसपास मूरची आठवण देणारी जागा शोधायची तर ती हीच. पण डोंगर व्याघ्रक्षेत्रात असल्यामुळे पायथ्याशी त्याला थांबवितात. खासगी मोटारीही तेथेच थांबतात. मग तो सरकारी बसमध्ये बसतो. वर देवळापाशी उतरून कठड्याशी उभा राहतो, खालच्या उतारावर कधी हत्तींचा कळप चरताना दिसतो, कधी धुक्याखेरीज काहीच दिसत नाही. रात्री वर राहण्याची परवानगी नाही. दिवस कलायला लागला की वाहक सर्वांना गोळा करतो, आणि बस धुक्यातून खाली निघते.