‘व्यर्थ’ शब्दांचा अर्थ



बुलढाणा जिल्ह्यांत चिखली-मेहकरच्या बाजूला एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला, “पाऊस आला काय?” असें विचारावें, तर “आला जी” असें उत्तर मिळतें. वास्तविक ‘आला’ एवढ्यानें विचारलेल्या गोष्टीचा उलगडा झाला. मग हें ‘जी’ कशाला? तें काढून टाकलें, तर पावसाची बातमी तीच राहील. परंतु बोलणाऱ्यानें आपल्याला दिलेला मान मात्र नाहींसा होईल. अशा चिमुकल्या शब्दांविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

आपल्या शालेय व्याकरणांत केवलप्रयोगी अव्ययांच्या एका पोटभेदाला ‘व्यर्थ उद्गारवाची’ असें नांव आहे. ‘म्हणे’, ‘आपला’, ‘बापडा’ हे शब्द तेथें सांपडतात. आणि त्यांच्या शेजारीं ‘बरं का’, ‘कळलं’ हीं पालुपदें बसतात. वाक्याच्या रचनेचें त्यांवांचून अडत नाहीं, हें खरें. परंतु माणसें नुसतीं वाक्यें बोलत नाहींत. तीं एकमेकांशीं बोलतात.

वडील मुलाला विचारतात, “पत्र टाकलेंस का?” मुलगा “टाकलें” म्हणाला, तर ती केवळ माहिती झाली. “टाकलें ना” म्हणाला, तर तो धीर देतो. “टाकलें कीं” म्हणाला, तर ‘यांत शंका ती काय?’ असें सुचवितो. आणि “टाकलें बुवा!” म्हणाला, तर तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला गेला आहे, असें खुशाल समजावें. इंग्रजींतहि हाच प्रकार आहे. उत्तराच्या आरंभीं कोणी ‘वेल’ म्हणाला, तर पुष्कळदां पुढचें उत्तर आपल्या अपेक्षेप्रमाणें सरळ येणार नाहीं, याची ती पूर्वसूचना असते.

या शब्दांची उपेक्षा कधीं कधीं महागांतहि पडते. समजा, एक साक्षीदार सांगतो, “तो म्हणे रात्रीं विहिरीवर गेला होता.” लिहून घेणाऱ्यानें ‘म्हणे’ फालतू मानून गाळलें, तर ऐकीव गोष्ट क्षणांत पाहिलेली होते! तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा, हा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील नियम. त्याच्या जागीं १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि तो कायम आहे. जो भेद राखण्यास कायद्याला स्वतंत्र कलम लागतें, तो आपली भाषा दोन अक्षरांत राखते. ज्याला आपण व्यर्थ म्हणतों, त्या शब्दावर एखाद्याची अब्रू अवलंबून असूं शकते.

आतां पुन्हां ‘जी’कडे वळूं. शहरांतल्या वर्गांत वऱ्हाडाकडील मुलानें “हो जी” म्हटलें, कीं हंशा पिकतो. हंसणाऱ्यांना ठाऊक नसतें कीं, म्हाइंभटांनीं संकलित केलेल्या तेराव्या शतकांतील लीळाचरित्रांत श्रीचक्रधरांचे शिष्य त्यांच्याशीं बोलतांना हेंच ‘जी’ वापरतात. ज्याला आपण गांवढळ ठरवितों, तें मराठी गद्याच्या आरंभापासून चालत आलेलें सौजन्य आहे. त्या हंशानें मूल एक शब्द टाकून देतें, आणि त्याबरोबर आपल्या घरची आदराची रीतहि टाकून देतें.

सर्वांत लहान शब्द शेवटीं सांगतों. तो म्हणजे ‘हं’. आजी गोष्ट सांगूं लागली कीं आम्हां मुलांना हुंकार द्यावा लागे. तो थांबला कीं गोष्टहि थांबे. ‘हं’ याचा अर्थ कोणत्याहि कोशांत पाहण्याची गरज नाहीं. ‘मी येथें आहें, तूं बोल,’ एवढाच तो अर्थ. ध्वनिक्षेपकापुढें बसलें असतां त्याची किंमत विशेष कळते. कारण येथें मला आपला हुंकार ऐकूं येत नाहीं.

पण आपल्या घरांत तसा अडथळा नाहीं. आज घरांतील एखादें वृद्ध माणूस “बरं का” म्हणून जुनीच हकीकत पुन्हां सांगूं लागेल, तेव्हां त्याला तोडूं नका. एक ‘हं’ द्या. त्याला तेवढेंच हवें असतें.