मुळशीच्या पाण्यातील वनस्पती
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस विषय निवडण्याची मोकळीक दिली आणि आम्ही पाण्यातील वनस्पतींचे नाव घेतले, तेव्हा चिटणीसांच्या चेहऱ्यावर किंचित निराशा दिसली, हे कबूल केले पाहिजे. परंतु आपल्यापैकी कित्येक घराण्यांची आंबेमोहोराची खाचरे, देवळे आणि घरांची जोती मुळशीच्या जलाशयाखाली आहेत. १९२१ साली सुरू झालेल्या आणि पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापती' ही पदवी मिळवून देणाऱ्या सत्याग्रहाच्या हकीकती आपण आजोबांच्या तोंडून ऐकल्या आहेत. काय बुडाले याची मोजदाद आपल्या घरोघरी झाली. त्या पाण्यात पुढे काय उगवले, हे पाहावयाचे मात्र राहून गेले.

राहून जाण्याचे एक कारण आपल्या बोलीतच आहे. पाण्यात हिरवे काही दिसले की आपण त्यास 'शेवाळ' म्हणून मोकळे होतो. वास्तविक मूळ, खोड, फूल व फळ असलेल्या कितीतरी वनस्पती पाण्यात राहतात. त्यांस शेवाळ म्हणणे म्हणजे वडास गवत म्हणण्यासारखे आहे.

इतरांस काय नावे ठेवावी! आम्ही स्वतः वर्षानुवर्षे वर्गात प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग करून दाखवीत असू. नदीच्या डोहातून हायड्रिला आणावयाची, नरसाळ्याखाली ठेवून उन्हात मांडावयाची आणि प्राणवायूचे बुडबुडे मुलांस दाखवावयाचे. एके वर्षी सातवीतील एका मुलीने विचारले, "गुरुजी, पुस्तकातल्या हायड्रिलेची पाने साधी आहेत. हिची टोके दुभंगलेली कशी? आणि हिला मूळच नाही." आम्ही तिला खाली बसविले. घरी येऊन भिंगाखाली पाहिले, तो मुलीचेच खरे. ती वनस्पती सेराटोफायलम होती. तिला मुळे नसतात, ती नुसती तरंगत वाढते. उलट हायड्रिला चिखलात मुळे रोवते आणि तिच्या पानांच्या कडा बोटांस खरखरीत लागतात. बुडबुडे दोन्हींतून येत असल्यामुळे आमची चूक इतकी वर्षे झाकली गेली. दुसऱ्या दिवशी वर्गात ती चूक सांगितली आणि त्या दिवसापासून आमचा खरा अभ्यास सुरू झाला.

या अभ्यासास फार साहित्य लागत नाही. लहानसे लोखंडी दंताळे दोरास बांधून काठावरूनच फेकावे आणि सावकाश ओढून घ्यावे. जे हाती लागेल ते पसरट थाळीत, पाण्यातच, कागदावर तरंगवून कागद अलगद वर उचलावा, म्हणजे नाजूक पाने गोळा होत नाहीत. मग जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून ठेवावे व कागद रोज बदलावे. (ही शेवटची गोष्ट आळसाने राहते आणि सारा संग्रह बुरशीच्या स्वाधीन होतो.) पाण्याची पारदर्शकता पाहण्यासाठी पांढरी थाळी दोरीने खाली सोडून ती कोठे दिसेनाशी होते ते मोजावे. ही युक्ती इटलीतील खगोलशास्त्रज्ञ धर्मगुरू सेक्की यांनी १८६५ साली समुद्रावर वापरली. प्रकाश जेथवर पोहोचतो तेथवरच तळाशी रुजलेली वनस्पती जगते, म्हणून हे माप महत्त्वाचे.

वॅलिस्नेरिया सापडली तर थोडे थांबून पाहावे. तिची पाने फितीसारखी असतात. मादीफूल लांब, बारीक देठावर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येते. नरफुले सूक्ष्म, ती तळाशी तुटून वर येतात व तरंगत मादीफुलापाशी पोहोचतात. परागण होताच देठाची वेटोळी होतात आणि फळ पुन्हा पाण्याखाली ओढले जाते.

आता मुळशीविषयी. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा थिओडोर कुक यांचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. कुक हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते. परंतु त्या वेळी हा जलाशयच नव्हता! ग्रंथात असतील त्या आपल्या जुन्या खोऱ्याच्या वनस्पती, जलाशयाच्या नव्हेत.

शिवाय हे नैसर्गिक सरोवर नव्हे. पावसाळ्यात ते तुडुंब भरते आणि मग त्याचे पाणी घाट उतरून कोकणातील भिऱ्याच्या वीजगृहाकडे जाते. ते वीजगृह १९२७ पासून चालू आहे. उन्हाळ्यात पाणी हटते, काठ उघडा पडून भेगाळतो. अशा काठावर कमळाने काय करावे? चिखलात कंद ठेवून वाट पाहणाऱ्या वनस्पतींचाच तेथे निभाव लागतो. हायड्रिला त्यांपैकीच.

वनस्पती ओळखून काय मिळते, असे कोणी विचारील. भंडारा-गोंदिया भागातील जुन्या तलावांवर मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजास कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आश्रयास राहतो हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. अलीकडे त्या समाजातील स्त्री-पुरुषांनी तलावांतील बेशरम उपटून हायड्रिला, वॅलिस्नेरिया अशा देशी वनस्पती पुन्हा लावल्या आणि देशी मासे परत आणले. ते ज्ञान त्यांच्या ज्ञातीचे होते, म्हणून ते कामी आले.

आपली मुळा नदी मुळशीहून निघून पुण्यात मुठेस मिळते, पुढे भीमेत जाऊन उजनीस पोहोचते. पुण्याच्या पात्रात दरवर्षी जलपर्णी माजते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती अनुकूल पाण्यात सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. ती वाढते सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर. बंगालात तिच्यासाठी १९३६ साली कायदाच करावा लागला. मुळशीच्या काठी आता बंगले व विश्रामगृहे होत आहेत. आपल्यापैकी काहींनीही जमिनी विकल्या आहेत. त्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही, कारण मुलीच्या लग्नाच्या वेळी आम्हीही एक तुकडा विकला. परंतु उद्या पाणी बिघडले तर पूर्वी ते कसे होते, हे सांगावयास आज लिहिलेली वही लागेल. आमच्या वहीत एकवीस नावे आहेत. त्यांपैकी चार अजून निश्चित झालेली नाहीत. ते नमुने आम्ही पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत दाखविणार आहोत. संस्थेस ज्यांचे नाव आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर मालवणचे, कलकत्त्यास वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

येत्या मार्गशीर्षातील पहिल्या रविवारी सकाळी आम्ही काठावर जाणार आहोत. ज्यांना मुलांस पाठवावयाचे असेल त्यांनी नाव चिटणीसांकडे द्यावे. पाण्यात कोणी उतरावयाचे नाही, धरणाच्या भिंतीकडे जावयाचे नाही. दोर व दंताळे आमचे. जुनी वर्तमानपत्रे मात्र प्रत्येकाने घरून आणावीत.