कराड–पाटण–चिपळूण : एका एस.टी. मार्गाचा हिशेब

(भाषणाचा मजकूर)



पुणे–मिरज लोहमार्ग कराडला आला तोही गावाबाहेर, ओगलेवाडीजवळ. तेथून पश्चिमेस कोयनेच्या काठाने पाटण, पुढे हेळवाक, कुंभार्ली घाट आणि घाटाखाली चिपळूण, या वाटेवर रूळ कधीच पडले नाहीत. कराड–चिपळूण लोहमार्गाच्या घोषणा पुष्कळ झाल्या. त्या जमेस धरण्याचे कारण नाही. या वाटेचे दळणवळण आधी बैलगाडीवर, मग खाजगी सर्व्हिस मोटारींवर आणि अखेरीस एस.टी.वर उभे राहिले.

सर्व्हिस मोटारींचे अर्थशास्त्र सरळ होते. जेथे उतारू तेथे गाडी, आणि गाडी भरेल तेव्हा तिची वेळ. बाजारपेठेच्या गावांना ते परवडले. डोंगरकपारीतील वाड्यांच्या वाट्याला पायवाट राहिली. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याच्या सरकारी वाहतुकीची पहिली गाडी धावली आणि हे गणित बदलण्याची शक्यता निर्माण झाली. पुढे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या : जनतेला पुरेशी, काटकसरीची व सुसूत्र सेवा द्यावी, आणि कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवावा. एस.टी.च्या पुढील साऱ्या भांडणांचे मूळ या दोन कलमांच्या संसारात आहे.

पाटण तालुक्यात हा पेच विशेष तीव्र झाला. कोयना धरणाने खोऱ्यातील गावे पाण्याखाली घातली, माणसे सांगली, सोलापूर, ठाणे, रायगडपर्यंत विखुरली. शिवसागराच्या काठावर जी उरली, त्यांच्या जुन्या वाटा बुडाल्या. १९६२ पासून पोफळीच्या भूमिगत केंद्रात वीज निर्माण होऊ लागली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. वीज मुंबईकडे गेली, आणि तिच्यापाठोपाठ खोऱ्यातील तरुणही गेले : कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी बाजारात ओझी वाहण्यास. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातील ढेबेवाडी खोऱ्यातले. १९६९ चा माथाडी कायदा ज्या घामावर उभा आहे, त्यातला बराचसा या डोंगरांतला. १९८२ चा गिरणी संप लांबला तेव्हा हीच माणसे वळकट्या घेऊन परतली. मनिऑर्डर जशी टपालाने आली, तशी माणसे एस.टी.ने गेली व आली. तालुक्याच्या अर्थव्यवस्थेत या गाडीचे स्थान एवढे मोठे असूनही ते कोणत्याच जमाखर्चात दिसत नाही.

तेव्हा जमाखर्चाकडेच वळू. आगारात प्रत्येक फेरीचे भारमान व प्रति किलोमीटर उत्पन्न काढले जाते. कराड–चिपळूण फेरी बरी दिसते. मोरणा वा केरा खोऱ्यात जाणारी फेरी तोट्यात दिसते. पण समजा, मोरगिरीहून दहा उतारू पाटणला आले व त्यांपैकी सहा जण तेथून कराडच्या गाडीत बसले. त्या सहांचे पुढचे भाडे मुख्य मार्गाच्या खात्यावर जमा होते. त्यांना दारातून उचलून आणण्याचा खर्च मात्र मोरगिरीच्या नावे पडतो. खोऱ्यातील फेरी बंद केली की तिचा तोटा कागदावरून नाहीसा होतो आणि काही महिन्यांनी मुख्य मार्गाचे भारमानही घसरते. मग त्यावरही कुऱ्हाड येते. ओढे अडवून नदीला पाणी का नाही म्हणून विचारण्याचा हा प्रकार! शिवाय तिकिटावर दीर्घकाळ साडेसतरा टक्के प्रवासी कर घेणाऱ्या शासनानेच या संस्थेला तोट्यावरून बोल लावावा, हा न्याय अजब आहे.

या हिशेबाचा पहिला घाव मुक्कामाच्या गाडीवर बसतो. ही गाडी संध्याकाळी शेवटच्या वाडीला जाते, चालक-वाहक देवळात किंवा शाळेच्या पडवीत पथारी टाकतात, आणि पहाटे तीच गाडी निघते. कॉलेजची मुले, दवाखान्याला निघालेले म्हातारे, तहसील कचेरीत खेटे घालणारे धरणग्रस्त, सारे तिच्यात असतात. रिकामी परतणारी गाडी वाचवायची म्हणून मुक्काम रद्द केला, की वाडीचा अख्खा दिवस रद्द होतो. वडाप त्या वेळी येत नाही. ते जीप भरेल तेव्हाच निघते, म्हणजे आपण पुन्हा सर्व्हिस मोटारीच्या काळात.

२०२१-२२ च्या प्रदीर्घ संपातील कर्मचाऱ्यांच्या मागणीवर मतभेद असू शकतील. त्यानंतरच्या सवलतींचे मात्र स्वागतच केले पाहिजे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत, मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट. मुलींना शाळेसाठी मोफत पास त्याआधीपासून आहेच. पण पास हातात आणि गाडी बंद, अशा मुलीला सवलत कसली? तेव्हा कार्यकर्त्यांनी आगारप्रमुखांकडे निवेदन नेताना केवळ ‘गाडी सुरू करा’ एवढेच लिहू नये. प्रत्येक खोऱ्यातून पाटण स्थानकावर उतरलेल्यांपैकी किती जण पुढच्या गाडीत बसतात, याची आठवडाभर स्वतः मोजणी करावी आणि तो तक्ता निवेदनास जोडावा. मोजणी सोमवारी, बाजाराच्या दिवशी व कॉलेज सुटण्याच्या वेळी जरूर व्हावी; आणि मुक्कामाच्या गाडीची नोंद पहाटे वाडीवर जाऊनच घ्यावी.